कॅन्सरच्या उपचारांत फिजिओ आणि व्यायाम: नाशिकमध्ये सुरुवात कुठून करायची

रेडिएशनच्या आधी माप घेतात. सीटी मशीनच्या फळीवर उताणं झोपायचं, ऑपरेशनच्या बाजूचा हात डोक्याच्या वर टेकवायचा आणि अजिबात न हलता पडून राहायचं. माझा डावा हात कानापर्यंतही गेला नाही. टेक्निशियन मुलीने दोनदा हळूच उचलून पाहिला, दोन्ही वेळा मी ओरडले. मग ती म्हणाली, "मॅडम, ऑपरेशननंतर व्यायाम केले नाहीत का?" मला कोणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती आणि 'रेस्ट' हा शब्द होता. तो मी मन लावून पाळला होता. माप बारा दिवस पुढे ढकललं गेलं, आणि त्या बारा दिवसांत मला फिजिओथेरपी म्हणजे काय ते कळलं.

मी डॉक्टर नाही. इंदिरानगरला राहते, शाळेत शिकवते. स्तनाचा कॅन्सर, आधी आठ केमो, मग ऑपरेशन (काखेतल्या गाठींसकट, म्हणजे तिथल्या लसिका ग्रंथी), मग पंधरा रेडिएशन. वर्षभराने माझ्या धाकट्या दिरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. त्यांच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. पुढचं सगळं या दोन अनुभवांतून लिहिलंय. यातलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या शब्दावर मात करणारं नाही, पण त्यांना नेमकं काय विचारायचं ते यातून कळेल.

१. चिठ्ठी मागून घ्या

डॉक्टर स्वतःहून सांगतील म्हणून थांबू नका. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात, तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात आणि ती गाठ, रिपोर्ट, पुढची केमो यांतच जातात. खांद्याचा विषय कोणी काढत नाही. मी तरी काढला नाही. जीव वाचतोय तिथे खांद्याचं काय रडायचं, असं वाटायचं.

वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, मला फिजिओची चिठ्ठी द्या, आणि मी काय करायचं नाही तेही तिच्यावर लिहून द्या." दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. बहुतेक फिजिओ कॅन्सरचा पेशंट आला की घाबरून नुसतं हात हलवायला सांगतात, नाही तर काहीच न विचारता सगळ्यांना देतात तेच देतात. चिठ्ठीवर एवढं हवं:

- आजार कोणता, ऑपरेशन कधी झालं, काय काढलं, काखेतल्या किंवा मानेतल्या गाठी काढल्या का
- हाडात आजार आहे का, असेल तर कुठल्या (हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसेल तर फिजिओने हात लावू नये, इतकं महत्त्वाचं)
- कोणती केमो चालू आहे, पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) आहे का
- हृदयाचा टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी झाला, रिपोर्ट काय. 'लाल केमो' म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं, दोन्हींचा हृदयावर परिणाम होऊ शकतो
- हात किंवा पाय कुठवर उचलायची परवानगी आहे, वजन उचलायचं का

चिठ्ठी ऑपरेशनच्या आधीच मिळाली तर सोन्याहून पिवळं. तेव्हा हात किती वर जातो याचं माप घेऊन ठेवलेलं असतं आणि नंतर कुठवर परत यायचंय ते कळतं. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत बरेच सर्जन हात खांद्याच्या वर न्यायला मनाई करतात. पण त्या काळातही मूठ उघडमीट करणं, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं चालतं का, ते विचारा. 'खांद्याच्या वर नको' याचा अर्थ मी 'हलवायचाच नाही' असा घेतला, आणि तिथेच फसले.

२. पिशवीत काय हवं

फिजिओकडे पहिल्या दिवशी जाताना: डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी किंवा हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी), इकोचा रिपोर्ट, हाडांचा किंवा पेट स्कॅन झाला असेल तर त्याचा लेखी रिपोर्ट (फिल्मचा भला मोठा लिफाफा नेऊ नका, फिजिओला तो लागत नाही), चालू औषधांची यादी आणि वरची चिठ्ठी. सगळ्याच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कुठल्याही काउंटरवर ठेवून येऊ नका.

घरी लागणारं सामान हसण्यासारखं साधं आहे. शिंप्याची मापाची टेप. हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची. अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या, म्हणजेच अर्ध्या अर्ध्या किलोची दोन वजनं. व्यायामाचा रबरी पट्टा, तो फिजिओ सांगेल त्याच रंगाचा घ्या, कारण रंगावर ताण ठरतो. पुढे घट्ट बसणारे, मागे पट्टा असलेले बूट किंवा सँडल. आणि एक वही.

३. नाशिकमध्ये फिजिओ शोधणं

आधी जिथे उपचार चालू आहेत तिथेच विचारा. मोठ्या हॉस्पिटलांत फिजिओचा विभाग असतो, पण तो तळमजल्यावर कुठेतरी कोपऱ्यात असल्याने पेशंटला दिसत नाही. मी सहा महिने ज्या लिफ्टने केमोला गेले तिच्या मागच्या दारालाच तो विभाग होता.

खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, चौकशी करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत पैसे घेत नाहीत. शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात, तिथे चालू असाल तर तिथल्याच डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. 'मविप्र'चं (मराठा विद्याप्रसारक समाजाचं) फिजिओथेरपी कॉलेजही शहरात आहे. कॉलेजच्या ओपीडीत शिकणारी मुलं हाताळतात, पण डोक्यावर शिक्षक उभे असतात आणि वेळ भरपूर देतात. मला ते आवडलं.

गल्लीतला फिजिओ निवडताना तीन गोष्टी विचारा. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का? कॅन्सरचे पेशंट याआधी हाताळले आहेत का, हातावरची सूज बघितली आहे का? आणि तिसरं, पहिल्या दिवशी ते रिपोर्ट वाचतात का? जो रिपोर्ट न वाचता "झोपा, मशीन लावतो" म्हणतो, त्याच्याकडून उठून या. मी उठले नव्हते. त्याने खांद्यावर अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवायला घेतलं. नशीब, माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने विचारलं, की कॅन्सरच्या जागेजवळ हे चालतं का? जिथे कॅन्सर आहे किंवा असण्याची शक्यता आहे तिथे अल्ट्रासाउंड, शॉर्टवेव्ह असा खोल शेक देत नाहीत. गुडघेदुखीवाल्याला जे मशीन लावतात तेच तुम्हाला लावायचं नसतं. विजेच्या मशीनचंही तसंच, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

बायकांनी संकोच सोडून 'लेडी फिजिओ हवी' असं फोनवरच सांगावं. समोरून उघडणारा सैल कुर्ता घालून जा. मी पहिल्या दिवशी हुकाचं ब्लाउज घालून गेले आणि अर्धा वेळ ते काढण्या-घालण्यातच गेला.

४. 'आज करू की नको' हे रिपोर्टवरून ठरवा

केमो चालू असताना दर वेळी सीबीसी होतो. तो नुसता फायलीत लावू नका. त्यातले तीन आकडे वहीत उतरवा.

प्लेटलेट: ५०,००० च्या खाली असतील तर वजनं, ताणाचे पट्टे बंद. २०,००० च्या खाली असतील तर डॉक्टर सांगतील तेवढंच, बाकी पलंग.
हिमोग्लोबिन: ८ च्या खाली असेल तर दम लागणं, चक्कर येणं ठरलेलं, त्यामुळे विचारल्याशिवाय नको.
न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी): कमी असतील तर व्यायाम घरात करा. जिम, स्विमिंग पूल, गर्दीचा ट्रॅक नको. तीन आठवड्यांच्या केमोत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पेशी सर्वांत खाली असतात.

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर व्यायामाचा प्रश्नच नाही. थेट हॉस्पिटलला फोन करा. 'सकाळपर्यंत बघू' केमोत चालत नाही.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखू लागली तर तिला तेल लावून चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. पाठीत नवीन दुखणं, पायात जोर न राहणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, छातीत दुखणं यांपैकी काहीही झालं तर वेळ न घालवता इमर्जन्सीला जा.

हे वाचून घाबरू नका. असे 'नको' दिवस थोडे असतात. मी मात्र आठ केमोंमध्ये सगळेच दिवस 'नको'त जमा केले, आणि शेवटी अशी गत झाली की खुर्चीतून उठताना टेबलाला धरावं लागायचं. दिरांनी प्रत्येक केमोनंतर पहिले तीन-चार दिवस फक्त घरात फेऱ्या मारल्या आणि पाचव्या दिवसापासून खाली उतरले. फरक आम्ही डोळ्यांनी बघितला.

५. पहिले पंधरा दिवस: भिंत, खुर्ची, फेऱ्या

भिंतीचा व्यायाम असा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवर टेकवायची आणि मुंगी चढावी तशी हळूहळू वर न्यायची. ताण जाणवला की थांबायचं, दहा आकडे मोजायचे, तशीच खाली आणायची. झटका द्यायचा नाही. मी देवघराशेजारच्या भिंतीवर रोज जिथे बोट पोचलं तिथे पेन्सिलीने रेघ मारायचे, बाजूला तारीख. पहिली रेघ देवघराच्या कडीच्या उंचीला. पाचव्या दिवशी जेमतेम दोन बोटं वर. नवव्या दिवशी रेघ खाली आली तेव्हा मी रडले. फिजिओ म्हणाली, "काल पोळ्या किती लाटल्या?" बारा दिवसांनी हात मापाच्या फळीवर टेकला. दिवाळीच्या रंगाला तो पट्टा सोडायला सांगितला होता, रंगाऱ्याने इमानदारीने तोही रंगवला.

माझ्या काखेतून कोपरापर्यंत कातडीखाली तारेसारखी दोरी ताणलेली दिसायची. मला वाटलं शीर तुटली की आजार परत आला. गाठी काढल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच जणींना असं होतं. फिजिओ हळूहळू ताणून ती सैल करते. स्वतः ओढू नका, पण तिला दाखवायला लाजूही नका.

खुर्चीचा व्यायाम: हात न टेकवता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं तरी पुष्कळ. मांड्यांत ताकद आली की न्हाणीघरात पडायची भीती निम्मी होते.

चालणं: दहा मिनिटांनी सुरुवात करा, तेही जड वाटलं तर पाच-पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या. वेग किती? चालताना बोलता यावं, पण आरती म्हणता येऊ नये. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी जे सांगितलं, ते आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा. थकवा, चिंता, उदासी यांवर एवढ्यानेही फरक पडतो. तिथवर पोचायला मला तीन महिने लागले.

जागा: गोल्फ क्लबचा ट्रॅक सपाट आहे, बसायला जागा आहे, पण सकाळी सहा ते साडेसात तिथे जत्रा असते. पेशी कमी असतील त्या आठवड्यात आपल्या कॉलनीतच फिरा. कृषीनगर आणि इंदिरानगरचे ट्रॅकही चांगले. एप्रिल-मे महिन्यांत नऊनंतर बाहेर पडू नका. बागेतल्या गोट्यांच्या ॲक्युप्रेशर पट्टीवर अनवाणी चालायचा आग्रह लोक प्रेमाने करतात. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन घेतलं असेल तर तळपायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, जखम झालेली कळत नाही. तिथे पाय ठेवू नका.

ऑक्झॅलिप्लॅटिनवरून आठवलं. दीर पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षवाले. त्यांच्या केमो पडल्या डिसेंबर-जानेवारीत. या औषधाने काही दिवस गार वस्तूचा स्पर्श सोसत नाही, गार हवेने घसा आवळल्यासारखा होतो. निफाडच्या थंडीत पहाटे मळ्यात जायची सवय असलेला माणूस स्टीलच्या तांब्याला हात लावताना दचकायचा. त्यांचं चालणं आम्ही दुपारी चारला नेलं. हातमोजे, कानटोपी, नाकातोंडावर मफलर. 'सकाळचाच व्यायाम खरा' हे कोणी म्हटलं तर म्हणू द्या.

६. घरातला 'आराम कर'

माझ्या मते सगळ्यांत मोठा अडथळा हाच. सासूबाई मला उठूच देत नव्हत्या. "अगं, एवढं विष अंगात गेलंय, पडून राहा." त्यांची माया खरी होती, त्यामुळे भांडताही येईना. उपाय सापडला तो असा, की त्यांना फिजिओकडे बरोबर नेलं आणि फिजिओने त्यांच्याच हातात वही दिली. तेव्हापासून किती मिनिटं चालले, किती वेळा उठले-बसले, हे त्या लिहायच्या. आठवडाभराने मीच टाळाटाळ करू लागले तर त्या म्हणायच्या, "आज रकाना मोकळा आहे गं."

घरचे ऐकत नसतील तर त्यांना एक उदाहरण सांगा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन आणि केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामवाल्या गटात सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्यात सुमारे ८३ टक्के. हे एका प्रकारच्या कॅन्सरचं, पूर्ण उपचारानंतरचं आहे, सगळ्यांना लावता येणार नाही. पण 'व्यायामाने आजार पसरतो' म्हणणाऱ्या काकांना गप्प करायला पुरतं.

उलट टोकाचे नातेवाईकही असतात. ते यूट्यूबवरचे व्हिडिओ पाठवतात. पोटाचं ऑपरेशन झालंय किंवा स्टोमाची (शौचासाठी पोटावर लावलेली) पिशवी आहे, तर जोरजोरात कपालभाती नको, हर्निया होऊ शकतो. हाडात आजार असेल तर पुढे वाकणं, कमरेतून पिळणं असलेली आसनं विचारल्याशिवाय नकोत. साधा श्वासाचा व्यायाम, सावकाश प्राणायाम बहुतेकांना चालतो.

७. हात सुजतोय का, ते बांगडी सांगते

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही. पहिली खूण डोळ्यांना दिसत नाही. हात जड वाटतो, अंगठी रुतते, रोजची बांगडी साबण लावल्याशिवाय निघत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही हात मोजा: मनगट, कोपराच्या खाली १० सेंटिमीटर, कोपराच्या वर १० सेंटिमीटर. आधीच्या मापांशी ताडून दोन सेंटिमीटरच्या आसपास फरक वाढला, तर वाट न बघता दाखवा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी.

सुजलेल्या हाताला मालिशवाल्याकडे नेऊ नका. सूज उतरवायचं मसाज फार हलक्या हाताचं असतं, शिकलेल्या फिजिओकडूनच घ्यायचं. दाबाची स्लीव्ह, म्हणजे हातावर चढवायची घट्ट बाही, मेडिकलमधून अंदाजाने उचलू नका, माप घेऊनच घ्या. घट्ट स्लीव्हने माझी बोटंच फुगली होती.

"त्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही" हे मला दहा जणींनी सांगितलं. २००९ मध्ये १४१ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सूज असलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, शिकून, अगदी हळूहळू वाढवत वजनं उचलली. सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याच्या वेळा कमी झाल्या. मी अर्ध्या किलोच्या बाटलीपासून सुरू केलं. आता भरलेली कळशी उचलते. बादली मात्र नवराच उचलतो, ती सवय मी मोडू दिलेली नाही.

८. तोंडाचा कॅन्सर असेल तर

हे मी शेजारच्या खुर्चीवर बसून पाहिलंय. तंबाखूने आपल्याकडे घरटी कोणी ना कोणी आहे, म्हणून लिहिते. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आवळत जातो. साधी परीक्षा म्हणजे आपलीच तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जातात का. जात नसतील तर लगेच सांगा. फिजिओ आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायला लावते आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवते. हे रेडिएशन संपल्यावरही महिनोन् महिने करावं लागतं, आणि लोक नेमकं तिथेच सोडतात. मानेतल्या गाठी काढल्या असतील तर खांदा एका बाजूने उतरतो, हात वर जात नाही. त्यालाही व्यायाम आहे, 'आता असंच राहणार' म्हणून बसू नका.

९. पैसे आणि अंतर

मी एका सेशनला चारशे रुपये मोजले, घरी येणारीने सहाशे सांगितले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशन, केमो, रेडिएशनची पॅकेजेस आहेत. नंतरची रोजची फिजिओ त्यात आपोआप येते असं धरून चालू नका, हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला ॲडमिट असतानाच विचारा. ॲडमिट असताना फिजिओ वॉर्डात येऊन शिकवू शकते, तिला बोलवायला सांगा.

मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळतो, बऱ्याचदा ६० दिवसांचा. त्यासाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी, प्रत्येक सेशनची तारीख आणि फिजिओचा नोंदणी क्रमांक असलेलं बिल लागतं. माझी पहिली सहा सेशनं कच्च्या पावतीवर गेली, एक रुपया मिळाला नाही.

सुरगाणा, पेठ, येवल्याहून येणाऱ्यांना रोज फिजिओ शक्यच नाही. त्यांनी केमोच्या तारखेलाच फिजिओची वेळ घ्यावी, ती सुद्धा सलाइन लागायच्या आधीची, नंतरची नको. एसटीत कॅन्सरच्या रुग्णांना तिकिटात सवलत आहे, तिचे कागद करून ठेवा. फिजिओला सांगा, की मला महिन्याचा कार्यक्रम कागदावर लिहून द्या, चित्रं काढून, आणि मी करताना मोबाइलवर एकदा शूट करू द्या. घरी हात नेमका कुठवर न्यायचा होता ते तिसऱ्या दिवशी आठवत नाही.

दिरांचा कागद लॅमिनेट करून पॅकहाउसच्या दाराला लावला आहे. पेट्या भरणाऱ्या बायका जाता-येता त्यांना विचारतात, "भाऊ, आज खुर्ची झाली का?"